सातमैलाच्या मातीची पकड

दरड कोसळली की आमच्याकडे खाली आलेली माती चाळून पुन्हा वर चढवतात. नवी भिंत त्याच मातीची होते. डोंगरात दुसरी आणायची कुठून? मातीचा एक थर टाकायचा, त्यावर प्लास्टिकची चौकोनी जाळी ताणून अंथरायची, वर पुन्हा माती. माती आणि जाळी एकमेकींना किती घट्ट धरतात, त्यावर सगळा डोलारा. ती पकड मोजणं हे माझं काम. रंगपो गावाच्या वर, साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी प्रयोगशाळा आहे.

सातमैलाच्या वळणावरची आधीची भिंत आषाढात कोसळली. माझा धाकटा भाऊ रनहाङ त्या दिवशी तिच्यावर जाळी अंथरत होता. डाव्या हाताचं मधलं बोट त्यानं खडी फोडायच्या यंत्रात घालवलं होतं, तरी जाळी ताणायला तोच लागायचा. भर पावसात भरणी करू नये हे सगळ्यांना माहीत होतं. पण उद्घाटनाची तारीख ठरली होती, आणि मंत्र्यांपुढे पावसाचं काय चालतं? बाकीचे मजूर सापडले, रनहाङ सापडला नाही. थोडे दिवस यंत्रांनी ढिगारा उकरला आणि मग ती दुसऱ्या साइटवर गेली.

आमा, आमची आई, रोज जेवायला बसली की तेच बोलायची.

"आपण राई लोक मेलेल्याला पुरतोच गं बिनू. पण आपल्या हातानं पुरायचं असतं."

"शोधतेय आमा."

"कशी शोधशील? चाळणीतनं?"

मला एकच आशा होती. माती चाचणीत नापास झाली, तर सगळा ढिगारा तळापर्यंत उचलून टाकावा लागेल. पास झाली तर त्याच्यावरच भिंत चढेल, आणि रनहाङ कायमचा आत. आयुष्यात पहिल्यांदा मी माती वाईट निघावी म्हणून देवाला हात जोडले.

लोखंडी पेटीत निम्मी माती भरायची, जाळीची पट्टी अंथरायची, वर उरलेली माती, तिच्यावर वजनाचा दाब. मग समोरच्या फटीतून बाहेर आलेलं जाळीचं टोक चिमट्यात धरून मोटर सावकाश ओढते. आलेख चढतो, एका जागी माती हार मानते, जाळी सरकते आणि आलेख उतरतो. प्रत्येक माती कुठेतरी हार मानतेच.

ही मानेना. आलेख चढतच राहिला आणि शेवटी पट्टीच तुटली.

"लॉटरी लागली!" खतिवडा सर म्हणाले. ते साइटचे मुख्य इंजिनिअर. "अशी माती नशिबानं मिळते."

"सर, ही पकड मातीची नाही."

"मग कोणाची? माझ्या सासऱ्याची?"

मी नदीची वाळू भरून पाहिली. ती शहाण्यासारखी सरकली. पुन्हा सातमैलाची माती भरली आणि नवी पट्टी घातली. या वेळी वरचा दाब ठेवलाच नाही.

"आता काय धरणार ती? कोरडी, भुसभुशीत माती," सर म्हणाले. "दाबाशिवाय पकड नाही, हे तर कॉलेजातलं पोरगंही सांगेल."

भर दुपार होती. पत्रा तापला होता. मी मोटर चालू केली आणि मातीनं जाळी धरली.

सरांनी पुढे होऊन मोटर बंद केली. आता ओढीचा आकडा खाली यायला हवा होता.

तो वाढत राहिला.

चिमट्याचा पट्टा करकरला. जाळी आत सरकली. थांबली. पुन्हा सरकली. दोर ओढताना माणूस हात बदलतो, तशी.

मी पेटी उलटी केली, बोटांनी सगळी माती उपसली. मातीच होती. फक्त ती गार होती.

सरांनी कपाळ पुसलं. "यंत्र बिघडलंय. पहिला निकाल धर."

"यंत्र बिघडलंय, तर पहिला निकाल बरोबर कसा?"

"बिनिता, तुझं दुःख मला कळतं."

"नाही कळत."

ढिगारा तळापर्यंत उचला, असं मी लिहून दिलं. तो कागद त्यांनी बाजूला सारला आणि पास झाल्याची सही स्वतः केली. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या मातीचा. इतकी चांगली निघायची काय गरज होती तिला?

तिहारापर्यंत, म्हणजे आमच्या दिवाळीपर्यंत, भिंत उभी राहिली. केसभरही हलली नाही. बाहेरगावचे इंजिनिअर येऊन फोटो काढून गेले. खतिवडा सरांना बढती मिळाली. आणि माझा भाऊ आत जाळी धरून उभा. हजेरी नाही, पगार नाही, मेल्यावरही सुटी नाही.

भाईटीकेच्या, आमच्या भाऊबीजेच्या, दिवशी घराघरात बहिणी भावाभोवती तेलाची रेघ ओढत होत्या, यमानं ती ओलांडू नये म्हणून. मला यंदा उशीर झाला होता. मी मखमली फुलांची माळ आणि आमानं तळलेली तांदळाची गोल सेलरोटी घेऊन भिंतीपाशी गेले. तपासणी व्हायची असल्यामुळे जाळीची हातभर टोकं दर्शनी दगडांच्या फटींतून अजून बाहेर लोंबत होती. त्यांतल्या एकाला मी माळ बांधली, दगडावर सात रंगांचा टिळा लावला आणि पायथ्याशी रोटी ठेवली.

"कान्छा, धाकट्या, सोड आता," मी म्हटलं. "पडू दे त्यांची भिंत."

सकाळी आमाला घेऊन पुन्हा गेले. बाकीची टोकं वाऱ्यानं हलत होती. मी माळ बांधलेलं टोक नव्हतं. फटीच्या तोंडाशी दोन-चार फुलं चुरगळून पडली होती.

आमानं पायथ्याशी पाहिलं. रोटी नव्हती. तिच्या जागी ओल्या मातीचा एक गोळा होता, मुठीत घट्ट दाबून ठेवलेला. टीका लावल्यावर भावानं बहिणीच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं.

आमानं तो उचलला. त्यावर बोटांचे वळ होते. एक वळ, मग मोकळी जागा, मग दोन.