विमान आमचं, तिकीट त्यांचं

"तिला नको आहे ते. तिला पिवळं आवडतं."

हा आवाज थोरलीचा. किती वर्षं उलटली, तरी धाकटीच्या कानात तो घर करून होता. फ्रॉकचं दुकान असो नाहीतर दवाखाना, कुणी वाकून विचारावं, "काय गं बाळ, काय हवं तुला?" आणि धाकटीने ओठ उघडायच्या आत थोरलीने उत्तर देऊन मोकळं व्हावं. एकदा डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय? थोरलीने स्वतःच्याच पोटावर बोट ठेवून इतकं नीट दाखवलं, की डॉक्टरांनी तपासायला तिलाच आडवं केलं. धाकटी बाकावर पोट धरून बसून राहिली.

तिला पिवळं कधीच आवडलं नव्हतं. पण आयुष्यभर अंगावर वागवल्यावर आता ते सांगायला तोंड कुठून आणायचं?

थोरली लग्न करून दूरच्या शहरात गेली, तरी आवाज फोनवरून येतच राहिला. "अगं, इथे मोठी लॅब आहे. दात यंत्रावर होतात, यंत्रावर. किती दिवस त्या म्हाताऱ्याकडे मेण वितळवत बसणार? मी बोलून ठेवलंय त्यांच्याशी. शब्द दिलाय. आठवडाभरात ये."

धाकटी दात बनवायची. दोन टेबलांची छोटी प्रयोगशाळा, खिडकीशी बर्नर, साच्यांत वाळत घातलेलं प्लास्टर. तापल्या चाकूने मेणाचा दात कोरावा, रंगांची पट्टी हातात धरून माणसाच्या उरलेल्या दातांशी रंग जुळवावा, आणि न ओळखता येईल असा नवा दात जुन्यांच्या रांगेत बसवावा. हे तिला जमायचं, आणि आवडायचंही. मालकांची नजर आता मंदावली होती. ते म्हणाले होते, "तू राहिलीस तर हे सगळं तुझ्याच हाती."

त्यावर ती काही बोलली नव्हती. आणि थोरलीला ती "बरं" म्हणाली होती. "बरं" म्हणायला फार लहान शब्द, तोंडातून सहज निसटतो. नंतर निस्तरायला मात्र जन्म पुरत नाही.

ओव्या रचणाऱ्यांतली असती, तर एखादी ओळ तिनेही गुणगुणली असती —

मनातलं गुज माझं ओठांशी अडलं,
एक पाऊल घरात, एक दारात पडलं.

पण ती दात बनवणारी होती. तिने तिकीट काढलं.

"कंपनीच्या साइटवरूनच काढ हं," थोरलीने बजावलं होतं. "मधल्या कुणाकडून नको." धाकटीने कंपनीचं नाव टाकलं, सगळ्यांत वर आलेल्या ओळीवर बोट ठेवलं. तोच निळा रंग, तसाच पंख पसरलेला पक्षी. पैसे गेले, तिकीट आलं. खाली बारीक अक्षरात भलत्याच कुठल्या मधल्या कंपनीचं नाव होतं, ते तिने वाचलं तेव्हा उशीर झाला होता. वाटेत विमान बदलायचं होतं, आणि आता पहिल्या विमानाची वेळ पुढे गेली होती. म्हणजे पहिलं पोचायच्या आत दुसरं उडून गेलेलं असणार होतं.

विमान कंपनीचं शहरातलं ऑफिस फोटो स्टुडिओ आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधोमध होतं. बाहेर भुरभुर पाऊस, आत गार हवा. दारावर "ढकला" लिहिलेलं आणि दार ओढावं लागायचं. धाकटी ढकलत राहिली. शेवटी आतला एक जण उठून आला आणि त्याने दार आतून ढकललं. उघडलं ते थेट तिच्या छत्रीवर.

"माफ करा," तो म्हणाला. "पाटी आतल्या बाजूसाठी होती. लावणाऱ्याने बाहेर लावली."

"काढत का नाही?"

"वर कळवलंय."

तो काउंटरवाला. त्याने तिचं तिकीट पाहिलं, कळफलक बडवला आणि उसासा टाकला.

"हे असं आहे बघा. विमान आमचं, सीट आमची, तुम्हीही आमच्याच—" तो थांबला. कान लाल झाले. "म्हणजे प्रवासी. पण तिकीट त्यांचं. त्यांनी सोडल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

"ते म्हणतात, विमान कंपनीला विचारा."

"आणि आम्ही म्हणतो, त्यांना विचारा." तो हसला. हसला तेव्हा समोरचा एक दात शेजाऱ्याच्या अंगावर जरासा रेललेला दिसला. धाकटीची नजर तिथेच खिळली.

"काय झालं?"

"काही नाही. दात बघत होते."

"इतका वाईट आहे?"

"नाही. पगार मिळतो मला बघायचा."

त्याने मग नियमाबाहेरचं एक काम केलं. स्वतःच त्या मधल्या कंपनीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून बासरीसारखं काहीतरी वाजू लागलं, आणि दर थोड्या वेळाने एक गोड बाई सांगू लागली की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे.

"किती वेळ मोलाचा राहतो?" धाकटीने विचारलं.

"काल एकाचा जेवणाच्या सुटीपर्यंत राहिला."

त्या दिवशी फोन आपोआप तुटला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. तो फोन लावायचा, बासरी सुरू व्हायची, आणि त्या बासरीखाली दोघं बोलत बसायची. जगात कित्येकांनी कित्येक सुरांवर प्रेम केलं असेल. यांच्या वाट्याला हा सूर आला, फाटका, मधेच खरखरणारा. त्याची दोघांनाही तक्रार नव्हती.

गंमत अशी, की जिथे तिला जायचंच नव्हतं, तिथलं तिकीट दुरुस्त व्हावं म्हणून ती रोज चकरा मारत होती. आणि जिने जाऊ नये असं त्याला वाटू लागलं होतं, तिचं जाणं पक्कं करायला तो रोज घसा कोरडा करत होता. दोघंही शहाणी, नेमून दिलेलं काम चोख करणारी. अशा माणसांचं असंच होतं.

शेजारच्या काउंटरच्या मॅडम डोळ्यांवरचा चष्मा खाली घेऊन पाहायच्या.

"परवा त्या आजोबांचंही असंच अडकलं होतं ना रे? त्यांना चिठ्ठीवर नंबर लिहून दिलास आणि वाटेला लावलंस."

"आजोबांना घाई होती, मॅडम."

"आणि हिला नाही वाटतं?"

धाकटीने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. पर्समध्ये शोधण्यासारखं काही नव्हतं.

"तिकडे कशाला जाताय?" त्याने एकदा विचारलं. बासरी वाजत होती.

"नोकरी. ताईने बघितली."

"चांगली आहे?"

"ताई म्हणते चांगली आहे."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. काचेवरून एक थेंब घरंगळत दुसऱ्याला मिळाला. "परतीचं काढलं नाही मी," एवढंच म्हणाली.

त्याने बासरीचा आवाज जरा कमी केला. मग म्हणाला, "माझा दात सरळ करता येईल का हो?"

"येईल."

"करून घेऊ?"

"नको." फार लवकर उत्तर गेलं. "म्हणजे... त्रास होत नसेल तर असू द्या. ओळखू येतो माणूस."

"गर्दीत?"

"गर्दीत."

मॅडमनी समोरचा कागद उगाचच दोनदा छापला.

शेवटच्या दुपारी मात्र बासरी थांबली आणि पलीकडे खरा माणूस बोलला. काउंटरवाला सरसावून बसला. नाव, नंबर, पुढे गेलेली वेळ, सगळं त्याने पाठ असल्यासारखं सांगितलं. आणि ते पाठच होतं. धाकटी ऐकत राहिली. आपल्या वतीने कुणी बोललं की किती स्वस्थ वाटतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. यात तर आवाजही गोड होता.

त्याने बोलणाऱ्याला थांबवून फोनवर हात ठेवला. "झालं. उद्या सकाळच्या विमानात जागा आहे. मी धरून ठेवलीय. त्यांनी फक्त बदल करून द्यायचा." हे सांगताना तो पडद्याकडे बघत होता. आनंदाची बातमी अशा आवाजात सहसा सांगत नाहीत.

"उद्या," ती म्हणाली.

"उद्या."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी काउंटरच्या या बाजूला बसतो. मला काही वाटून चालत नाही."

फोनमधून आवाज आला. "हॅलो? बदल करायचा असेल तर प्रवाशाने स्वतः सांगावं लागेल. दुसऱ्या कुणाचं चालत नाही."

"मी त्यांच्यातर्फेच बोलतोय. त्या इथेच आहेत."

"मग द्या ना त्यांच्याकडे."

त्याने फोन तिच्याकडे सरकवला. काळा, जड, तारेचा फोन. तिने तो कानाला लावला. थोरली तिथे नव्हती, आणि जो होता तो काहीच सांगणार नव्हता.

"बोला मॅडम. तारीख बदलायची की रद्द करायचं?"

तिने ओठ उघडले. बाहेर किल्लीवाल्याचं कानशीचं घासणं ऐकू येत होतं.

"मॅडम, ऐकू येतंय का?"

"येतंय," धाकटी म्हणाली. "रद्द."

"रद्द? पैसे परत मिळणार नाहीत. चालेल?"

"चालेल."

"नक्की?"

"नक्की करा हो," ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज जरा मोठाच वाटला. शेजारी मॅडमनी चष्मा पूर्ण काढला.

काउंटरवाला तिच्याकडे बघतच राहिला. "पण जागा मिळत होती... चांगली होती, खिडकीची..."

"माहीत आहे." तिने आपला मोबाइल काढला. "एक मिनिट थांबता? ताईला सांगते. आत्ता नाही सांगितलं, तर घरी जाऊन 'बरं' म्हणून बसेन."

पहिल्याच घंटीला थोरलीने उचलला.

"झालं का गं? किती वाजता उतरतेस?"

"ताई, तिकीट नाही."

"बघ. बघ! सांगितलं होतं ना, मधल्यांकडून नको काढू म्हणून. लुच्चे असतात मेले. थांब, तुझे भावजी आहेत इथे, त्यांना सांगते, ते दुसरं काढतील."

सबब आयती चालून आली होती. गुळगुळीत, गोल, हातात मावणारी. हूं म्हटलं असतं तरी काम भागलं असतं, आजचं तरी. धाकटीने एकदा समोर पाहिलं. तो टेबलावरचे कागद सरळ करत होता, जे आधीच सरळ होते.

"ताई, त्यांचा दोष नाही. तिकीट मिळत होतं. मी रद्द केलं."

पलीकडे कसलंसं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे?"

"मला नाही यायचं. मला इथलीच लॅब हवी. हाताने दात करायला आवडतात मला."

"अगं, पण मी त्यांना तुझा शब्द दिलाय."

"तू दिलास, ताई. मी अजून दिलेला नाही."

धाकटीला वाटलं, आता रडेल. किंवा ओरडेल. थोरलीने यातलं काही केलं नाही. ती हळू म्हणाली, "मला वाटायचं, तुला बोलायला जड जातं, म्हणून मी..."

"जातंच. पण तू बोललीस की मला मी काय बोलणार होते तेच आठवत नाही."

"असं." मग नाक ओढल्याचा आवाज. मग एकदम जुनी, तरतरीत थोरली. "कोण आहे गं?"

"कोण म्हणजे?"

"नुसत्या मेणाच्या दातांसाठी तू माझ्याशी एवढी बोलणार नाहीस. कोण आहे?"

धाकटीच्या जिभेवर "कुणी नाही" येऊन बसलंच होतं. तिने ते गिळलं.

"आहे. इथेच बसलाय, समोर."

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही."

"दे त्याला फोन. मी बोलते."

"नको," धाकटी म्हणाली, आणि तिला हसू आलं. "तू ठेव आता. रात्री करते."

तिने मोबाइल पालथा ठेवला. काउंटरवाला कागद सोडून बसला होता. मॅडम अचानक उठल्या, दार ओढून बघितलं, ढकलून बघितलं, आणि बाहेर जाऊन किल्लीवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागल्या.

"तुम्ही उगाच इतके दिवस..." तो म्हणाला. "म्हणजे जायचंच नव्हतं, तर पहिल्याच दिवशी रद्द करता आलं असतं. इतक्या चकरा..."

"पहिल्या दिवशी तिकिटासाठीच आले होते," ती म्हणाली. "नंतर रोज तुमच्यासाठी आले."