निळी मिशी

तिच्या घड्याळाचा पट्टा तुटला तो नेमका घड्याळवाल्याच्याच दारात. याला योगायोग म्हणावं की कर्माची फळं, ते तुम्हीच ठरवा.

काउंटरमागचा तरुण एका डोळ्याला भिंग लावून बसला होता. मान वर करून म्हणाला, "बोला."

"आधी दुसरा डोळा दाखवा, मग बोलते."

भिंग काढून तो हसला... आणि बाईसाहेब तिथेच अर्ध्या गारद झाल्या.

उरलेली अर्धी शरमेने गेली. काउंटरवरच्या स्क्रीनवर दुकानाची नवी वेबसाइट उघडी होती. गडद निळं पान, ओळीने घड्याळं, आणि सगळ्यांत वर एका म्हाताऱ्या कारागिराचा फोटो. चेहरा प्रेमळ, पण मिशी निळी. भुवया निळ्या, केसही निळे.

"माझे बाबा," तो म्हणाला. "मिशी पांढरीशुभ्र आहे हो त्यांची. कुणीतरी दिवट्याने फोटोमागची भिंत काढताना मिशीपण काढली. आता भोकातून पान दिसतंय. गिऱ्हाइकं 'निळी मिशी' म्हणून हसायला लागली, तेव्हापासून बाबा दुकानात येत नाहीत. चाळीस वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता."

तो दिवटा म्हणजे तीच. फोटोंची बॅकग्राउंड काढायची, मागचं सगळं पारदर्शक करायचं, हेच तिचं ऑफिसातलं काम. केसाकेसाने कापायचं तर अर्धा दिवस जातो. तिने मागच्या पांढऱ्या भिंतीवर एक क्लिक केलं, पांढरं तेवढं सगळं गेलं, आणि पांढऱ्याच पानावर ठेवून पाहिलं. पांढऱ्यावर पांढरं भोक कुणाला दिसणार?

गप्प बसायचं तिने ठरवलं. तरी तोंडून निसटलंच, "कानामागे भिंतीची कडही राहिलीय..." तिने जीभ चावली.

त्याने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग म्हणाला, "पट्टा उद्या मिळेल."

उद्याचे चार दिवस झाले. रोज ती ठरवून यायची, आज सांगायचंच.

"झाला का?"

"नाही. मनगट नाजूक आहे, भोक बेताचं पाडायला हवं."

"सगळ्या गिऱ्हाइकांशी असंच बोलता?"

"ज्यांचं काम मुद्दाम रखडवतो, त्यांच्याशीच."

ती हसायची. मग नजर त्या निळ्या मिशीवर जायची आणि हसू ओठांतच मरायचं. प्रेमात पडायला आणि मान खाली घालायला बिचारीला एकच काउंटर मिळालं होतं.

पाचव्या दिवशी ती पेनड्राइव्ह घेऊन आली. जेवणाच्या सुट्टीत बसून तिने मिशीचा केसन् केस नव्याने कापला होता. फोटो निळ्यावर, काळ्यावर, पिवळ्यावरही ठेवून पाहिला होता.

"ते... मी केलं होतं," ती फरशीशी बोलल्यासारखी म्हणाली. "घाई होती — नाही, घाई कसली, आळस होता. आणि चार दिवस इथे येऊन हसत बसले..."

त्याने पेनड्राइव्ह लावून फोटो बदलला. मिशी पांढरीशुभ्र झाली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," तो म्हणाला. "कानामागची ती कड माझ्या सख्ख्या बहिणीलाही दिसली नव्हती. ती कापणाऱ्यालाच दिसणार."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगता का, ते बघत होतो. आणि दुसऱ्या दिवसापासून... नाही सांगितलंत तर, म्हणून भीत होतो."

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"घर मागच्याच गल्लीत आहे. बाबांना तुम्हीच सांगा."

"कुठलं तोंड घेऊन येऊ?"

"हेच. चांगलं आहे."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मुलाच्या फोनवरचा फोटो बराच वेळ न्याहाळला, मिशीवरून बोट फिरवलं. "डावीकडचा एक केस वाकडाय, पोरी."

"तो... तुमचा तसाच आहे, काका. मी सरळ नाही केला."

बाबा आरशापाशी गेले. खात्री करून घेतली. आणि एकदम कडाडले, "भर दुपारी दुकान बंद ठेवून आलास होय रे, गाढवा? चपला कुठायत माझ्या?"

ते तरातरा पुढे निघाले. मागे दारात त्याने खिशातून तिचं घड्याळ काढलं आणि मनगटावर बांधायला घेतलं. पट्टा अगदी बेताचा बसला. तिची मान अजून वर होत नव्हती... पण हात मात्र तिने काढून घेतला नाही.