पलंगावरची टोपी

“टोपी घरी विसरलीस की डोकं?”

रोडिओच्या मैदानाशी, उधळे घोडे कोंडायच्या पिंजऱ्यामागे मी उघड्या डोक्याने उभी होते आणि हा कोण कुठला कोल्टर कुंपणावर बसून मला हसत होता. टोपीशिवाय मैदानात सोडत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं.

“पलंगावर होती,” मी म्हटलं.

त्याचं हसू मावळलं. आमच्या मोंटानात हे समजावून सांगावं लागत नाही. पलंगावर ठेवलेली टोपी घालून जो घोड्यावर चढतो, तो धड परत येत नाही. आईला हे पक्कं ठाऊक, म्हणून तर दर शनिवारी, रोडिओच्या दिवशी, ती माझी टोपी मुद्दाम तिथे ठेवायची! बाबा घोड्याखाली सापडून गेले त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून त्या एवढ्या माळावर आम्ही दोघी आणि वारा. ती मला अडवायची, मी तिच्याशी अबोला धरायची... अठराव्या वर्षी कुणाला इतकं एकटं वाटू नये खरं तर.

“ही घे.” त्याने आपली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. “ही कधी पलंगावर गेलेली नाही. मला पलंगच नाही, गाडीत झोपतो.”

“आणि परत आली नाही तर?”

“टोपीचं राहू दे. तू ये.”

उसळत्या घोड्यावर आठ सेकंद टिकायचं असतं. मी टिकले. टोपी मात्र तिसऱ्याच उसळीला उडाली.

उन्हाळाभर असंच चाललं. माझी टोपी पलंगावर, त्याची माझ्या डोक्यावर — जराशी सैल, घामाचा वास असलेली. माझा घोडा झाला की उधळ्या बैलावर बसायची त्याची पाळी. मग मी कुंपण घट्ट धरून मोजायची. माझे आठ सेकंद भुर्रकन जायचे. त्याचे संपता संपायचे नाहीत. आईचं काय होत असेल, ते तिथे पहिल्यांदा कळलं. पण तिला सांगितलं नाही.

सप्टेंबरात तो टेक्सासला निघाला, मोठ्या बैलांकडे. निरोप घ्यायला घरी आला, तेव्हा आईने बटाटे तळले. टोपी खुंटीला लावून तो हात धुवायला गेला आणि मला काय झालं कोण जाणे — मी टोपी उचलून माझ्या खोलीत गेले. गादीपासून वीतभर वर हात थांबला.

“त्याने थांबत नाहीत गं,” दारातून आई म्हणाली. “मी अख्खा उन्हाळा करून बघितलंय.”

मी तिच्या गळ्यात पडून रडले. तिने टोपी काढून घेतली, बाहीने पुसली आणि परत माझ्या हातात दिली.

गाडीपाशी मी ती त्याच्या डोक्यावर ठेवली.

“तू मला आवडतोस. म्हणून... जा म्हणवत नाही.”

“मग ये म्हण ना.”

“ये.”

त्याने माझ्या कपाळावर ओठ टेकवले आणि गेला. गाडीची धूळ बराच वेळ दिसत राहिली.

पुढच्या शनिवारी माझी टोपी खुंटीवर होती. आई गाडीची किल्ली घेऊन दारात उभी.

“मी बघणार नाही हं,” ती म्हणाली. “नुसतं मोजीन.”