कोतोर्राचा दगडी ब्रेक

“अकरा माणसं, दोन पातेली भात आणि एक डुक्कर!” ओर्लिस मामानं अंगणात उभं राहून जाहीर केलं. “शनिवारी सकाळी सगळ्यांनी कोतोर्रात बसायचं! ग्रान पिएद्राच्या डोंगरावर जाऊन डुक्कर भाजायचं!”

“पण डुक्कर बसणार कुठे?” दहा वर्षांच्या लिउबानं विचारलं.

“तुझ्या मांडीवर!”

सगळं अंगण खो-खो हसलं. हसले नाहीत ते फक्त एरास्मो आजोबा. झुलत्या खुर्चीत बसून ते उजव्या गुडघ्याला तेल चोळत होते. आणि त्यांच्याकडे तसं बघवत नव्हतं म्हणून लिउबाची मोठी बहीण, तेरा वर्षांची दायामीही हसली नाही.

कोतोर्रा म्हणजे पोपटीण. बावन्न सालची हिरवीगार मोटार, आजोबांच्या वडिलांनी घेतलेली! सान्तियागोच्या उभ्या उतारांवर आजोबांनी ती चाळीस वर्षं चालवली, कुणाला साधा ओरखडाही न काढता. आणि तीन आठवड्यांपूर्वी ती थांबलीच नाही! उताराच्या तळाशी सिरिलोची प्रूची हातगाडी होती, ती पिंपासकट आडवी झाली. कुणाला लागलं नाही, पण ते मुळांचं गोड पेय गल्लीभर वाहिलं आणि पुढचे दोन दिवस सगळ्यांच्या चपला रस्त्याला चिकटत होत्या.

“म्हाताऱ्याचा पाय गेला!” सिरिलो ओरडला होता.

त्याच संध्याकाळी आजोबांनी किल्ली मामाच्या हातात ठेवली. “खरंय त्याचं. पायात जोर उरला नाही.” तेव्हापासून त्यांनी कोतोर्राकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

“ए दायामी,” शेजारचा रेनिएर तिच्या कानाशी कुजबुजला, “मी काल तुझ्या मामासोबत बाजारात गेलो होतो. ब्रेक मारताना तो सीटवरून उठतो! अक्षरशः उभा राहतो!”

“मामा? त्याचे पाय तर खांबांसारखे आहेत!”

“तेच तर! मग पाय कुणाचा गेलाय?”

दुपारी मोठी माणसं झोपली आणि तिघंही कोतोर्रात शिरली. आधी लिउबानं पेडल दाबलं. हललं नाही. दायामीनं दोन्ही पाय लावले. छे! जणू पायाखाली दगड!

“मास्टर सिलिंडर बघूया,” रेनिएर म्हणाला. “पेडल त्यालाच ढकलतं, आणि तो तेल चाकांपर्यंत रेटतो. काहीतरी कोरलंय बघ त्याच्यावर.” त्यानं बहिणीचा छोटा आरसा तिरका धरून वाचलं, “एक पूर्णांक एक अष्टमांश इंच.”

दायामीचे कान तापले.

तो आकडा तिचा होता!

गेल्या वर्षी कोतोर्राला डिझेल इंजिन बसवलं. डिझेलवर ब्रेक दाबताना पायाला मदत करणारा हवेचा डबा चालत नाही, म्हणून तो काढून टाकला. मग नवा सिलिंडर हवा. निल्दा मावशी वर्षातून एकदाच मायामीहून येते, एकच सूटकेस घेऊन. आजोबांनी दायामीला फोनवर तिच्यासाठी निरोप लिहायला सांगितला होता, “लिही, नुसत्या पायाचा सिलिंडर. आतलं भोक सात अष्टमांश इंच.”

दायामी नुकतीच शाळेत विज्ञानात पहिली आली होती. तिला वाटलं, आजोबा चुकतायत! एवढी मोठी गाडी आणि एवढंसं भोक? मावशीला बुटांचं माप सांगतानासुद्धा सगळं घर एक माप मोठंच सांगतं. मोठ्या बुटात कापूस कोंबता येतो, लहान बूट ओढून थोडाच वाढतो! तिनं आकडा बदलला आणि पाठवून दिला. आजोबांना विचारलंही नाही. उलट स्वतःवर खूशच झाली होती!

तोवर कोतोर्रा उभीच होती, आणि महिन्याभरापूर्वी सिलिंडर आला तेव्हा आजोबा तापानं पडून होते. मामानं खोका फाडला, माप न बघता सिलिंडर बसवून टाकला. “निल्दानं आणलाय, म्हणजे बरोबरच असणार!”

“पण मोठा तर जास्त जोराचा असायला हवा ना?” लिउबा म्हणाली.

रेनिएरची आई दवाखान्यात नर्स. त्यानं घरून दोन नव्या कोऱ्या सिरिंजा आणल्या, एक जाडी, एक बारकी. दोन्हींत पाणी भरलं आणि मधे नळी जोडली. जाडी त्यानं स्वतः धरली, बारकी लिउबाला दिली.

“ढकल!”

दोघांनी अंगठे रेटले. रेनिएर लालबुंद झाला, आणि त्याचाच दट्ट्या मागे सरकू लागला!

“हरला! हरला!” लिउबा नाचू लागली. “बारकीच जिंकते!”

“थांब! म्हणजे बारीक सिलिंडरला पायाचा जोर कमी पुरतो,” रेनिएर उड्या मारत म्हणाला. “दाबावं लागेल जरा खोलपर्यंत, एवढंच. आजोबांचा पाय ठणठणीत आहे! सिलिंडरच चुकीचा मागवला!” मग तो थबकला. “पण मागवला कुणी? आजोबांनीच असणार. वय झालंय गं त्यांचं.”

आता बोल, दायामीनं स्वतःला सांगितलं. बोल ना!

“हो,” ती म्हणाली. “वय झालंय.”

त्या दोन शब्दांनी तिची झोप उडवली. शेजारच्या खोलीतून आजोबांच्या तेलाचा वास येत होता.

शनिवारी सकाळी कोतोर्राभोवती जत्रा! मागच्या डिकीत डुक्कर कोकलत होतं, मामा टपावर पातेली बांधत होता.

“मामा, हिला नेऊ नकोस!” दायामी आडवी आली. “अकरा माणसं भरून तो उतार उतरायचा? ब्रेक चुकीचा आहे!”

“बाईसाहेब, माझा पाय बघितलास का?”

“पाय राहू दे, अंगठा आण!” लिउबानं जाडी सिरिंज पुढे केली. “मला हरव, मग जा!”

सगळी गल्ली गोळा झाली. मामानं मिश्या पिळल्या, सिरिंज धरली, रेटली. एकदा, दोनदा. कपाळाची शीर टरारून फुगली! आणि चिमुरड्या लिउबानं त्याचा दट्ट्या सावकाश मागे सारला.

“अरे, हे काय!” गल्ली हसून लोळली.

“ब्रेकचा सिलिंडर असाच जाडा आलाय!” रेनिएर म्हणाला. मामा ओशाळला आणि आजोबांच्या खुर्चीकडे वळला. “बाबा! चुकीचं माप मागवलंत तुम्ही!”

आजोबांनी मान खाली घातली. “असेल रे. हल्ली नीट आठवत नाही.”

आठवत नाही! दायामी गर्दीतून पुढे झाली.

“तुम्हाला नीट आठवतंय, आजोबा!” ती ओरडली. सगळे गप्प. डुक्करसुद्धा. “तुम्ही सात अष्टमांशच सांगितलं होतं. मी बदललं. मला वाटलं, मला जास्त कळतं. आणि परवा कळलं तरी मी गप्प बसले. तुमचा पाय काही गेलेला नाही. माझीच—” पुढचं रडण्यात बुडालं.

आजोबा तेलाची बाटली बाजूला ठेवून म्हणाले, “तीन आठवडे मी या पायाला शिव्या देतोय, पोरी.”

बस्स, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं!

मामानं डोकं खाजवलं. “खोका उघडून माप मीसुद्धा बघितलं नाही. पण आता दुसरा कुठून आणायचा? निल्दा येणार पुढच्या वर्षी!”

“आत काही कोंबता नाही येणार?” दायामीनं नाक पुसत विचारलं. “बुटात कापूस कोंबतात तसं?”

आजोबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. आणि ते उठले! “चल बेलार्मिनोकडे.”

टर्नर बेलार्मिनोनं आजोबांचं सगळं ऐकून घेत सिलिंडर फिरवून पाहिला. “पितळी नळी ठोकून बसवतो, बरोब्बर सात अष्टमांश. दट्ट्याही त्याच मापाचा करतो. कापसाची कल्पना कुणाची?”

कुणी उत्तर द्यायच्या आत दायामी लेथमागे लपली होती.

सहल रविवारवर गेली. डुकराला एक दिवस जास्त मिळाला! संध्याकाळी आजोबा कोतोर्रात बसले, एकटेच. उतारावरून हिरवी पोपटीण खाली आली, खाली आली, आणि सिरिलोच्या नव्या पिंपापासून वीतभर अंतरावर अलगद थांबली!

“एरास्मो!” सिरिलोनं हात जोडले. “माफ कर रे बाबा, तुझा पाय शाबूत आहे!” त्यानं सगळ्यांना प्रू पाजलं. मामा ओरडत सुटला, “आमच्या मुलांनी अकरा जीव वाचवले! आमची दायामी इंजिनियर होणार!” टाळ्या पडत होत्या. दायामी आपल्या चपलांकडे बघत होती.

आजोबांनी तिला शेजारच्या सीटवर बसवलं आणि फोन तिच्या हातात दिला.

“मी चुकतोय असं वाटलं ना, तर विचारायचं. कदाचित चुकतही असेन. पण विचारायचं. आणि आज चारचौघांत बोललीस, ते सोपं नव्हतं. आता मावशीला लिही, सिलिंडर छान बसला.”

“आणि बारीक केला, ते?”

“ते तुझं तू ठरव.”

दायामीनं निरोप लिहिला, स्वतःच्या चुकीसकट. मग कुणी न सांगताच तो आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवला, एकदा, पुन्हा एकदा, आणि मगच पाठवला.