पट्टीखालचे डोळे

दुपारची ओपीडी एकदाची आटोपली, तशा डॉक्टरीणबाई केबिनचं दार लोटून बसल्या. काम एवढंसं होतं. एक फोटो पाठवायचा. वैद्यकीय मासिकात त्यांचा लेख छापून यायचा होता, आणि तो आला की प्रोफेसरची जागा त्यांचीच. दोनदा हुकली होती, आता हुकू द्यायची नव्हती. फोटोत एका दुर्मीळ त्वचारोगाच्या पेशंटचा चेहरा होता. डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली. पट्टी मारली की माणूस ओळखू येत नाही, असं सगळेच धरून चालतात. बाईंनीही तेच केलं.

पेशंट म्हणजे शिवणकाम करणारी एक मावशी. डाव्या जबड्यापासून चेहराभर निळसर खवले चढले होते बिचारीच्या. दाखल झाली त्याच दिवशी तिने बजावलं होतं.

"बाई, हात छापा, पाठ छापा, तोंड तेवढं नको. मी मेले तरी नको. माझ्यामागे धाकटी बहीण दुकान चालवेल. हे तोंड बघून कोण टाकेल तिच्याकडे कपडे?"

"बरं बरं," म्हणाल्या होत्या बाई. पुढे मावशीची शुद्ध हरपली आणि बाईंनी मोबाईल काढून चेहऱ्याचाच फोटो घेतला. मावशी त्यातून काही उठली नाही, गेलीच. मग काय, रान मोकळं! परवानगी तोंडी घेतलीय, असं त्यांनी मासिकाला कळवून टाकलं.

फोन वाजला. संपादक होते.

"बाई, फोटोवर पट्टी नाही."

"नाही कशी? इथे समोर दिसतेय मला!" बाईंनी फोटो पुन्हा पाठवला.

परत फोन. "आता आहे, पण खाली घसरलीय. ओठांवर आलीय."

"घसरायला तो काय चष्मा आहे, साहेब?" बाई करवादल्या. डोकं उठलं होतं त्यांचं. तिसऱ्यांदा पट्टी मारली, चांगली जाड, आणि पाठवून दिली. तेवढ्यात एक उग्र वास आला. मावशीच्या चेहऱ्याला चोपडायचे त्या मलमाचा. खिडकी तर बंद होती.

या वेळी संपादकांचा आवाज अगदी खाली आला होता.

"बाई... ती बघतेय."

"कोण?"

"पेशंट... डोळे टक्क उघडे आहेत हो."

"काहीतरीच काय! बेशुद्ध होती ती, डोळे मिटलेले..." बाईंनी जीभ चावली.

मग संपादक हळूच म्हणाले, "मग हो कधी म्हणाली?"

खरं सांगायची वेळ हीच होती. लेख मागे घेतला असता तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण प्रोफेसरची खुर्ची डोळ्यांसमोर आली, आणि मेलेल्या बाईने आपल्याला असं अडवावं याचा संतापही आला.

"फोटो काढताना शुद्धीत होती," बाई म्हणाल्या. "हो म्हणाली. माझाच बोलण्यात घोळ झाला."

पाठीमागे कोणीतरी लांब श्वास सोडला. बाईंनी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. फोटो मात्र त्यानंतर विनातक्रार गेला.

अंक आला त्या दिवशी अभिनंदन राहिलं बाजूलाच, वॉर्डातल्या नर्सेस नजर चुकवायला लागल्या. विभागप्रमुख मॅडमनी डॉक्टरीणबाईंचा हात हातात घेतला. "अगं, एवढं सोसत होतीस आणि एका शब्दाने बोलली नाहीस? वर स्वतःचा चेहरा छापायला दिलास... हिंमत लागते गं."

बाईंनी अंक ओढून घेतला. काळ्या पट्टीखाली त्यांचे स्वतःचे ओठ होते. हनुवटीवरचा तीळही त्यांचाच. डाव्या जबड्यापासून निळसर खवले चढले होते.

त्यांनी तडक संपादकांना फोन लावला. "माझा चेहरा छापलात तुम्ही! कोणाला विचारून? मी परवानगी दिलेली नाही!"

"असं काय करता, बाई?" संपादक चक्रावले. "तुम्हीच तर सांगितलंत... शुद्धीत होती, हो म्हणाली."

बाई धावत बेसिनकडे गेल्या. आरशात पाहिलं. चेहरा स्वच्छ होता, एकही खवला नाही. त्यांच्या जिवात जीव आला. मग मलमाचा तो वास पुन्हा आला, आणि बाईंच्या लक्षात आलं, आपण टक लावून बघतोय आणि आरशातल्या बाईचे डोळे मिटलेले आहेत.