कडूपणा गेला कुठे?

"मावशीनं काढ्यात पाणी घातलं म्हणे!" चिंगी गोदामात शिरली तीच फणफणत. "मॅनेजरकाकांनी सगळ्यांसमोर तिला चोर ठरवलं. संध्याकाळी कामावरून काढणार आहेत."

मावशी औषधांच्या कारखान्यात तापावरचा काढा उकळायची. त्यात मुख्य म्हणजे काडेचिराइताच्या वाळक्या काड्या, अंगाला थंडावा देणाऱ्या, पण चवीला कडूजहर. या वेळी मात्र काढा पाणचट लागतो म्हणून बाटल्या परत येत होत्या. काड्यांच्या जुड्याच फिक्या आहेत, असं मावशी सांगत होती. पण ऐकतंय कोण?

चिंगीचा धाकटा भाऊ ढोल्या काडेचिराइताच्या जुड्यांवर बसून पेरू खात होता.

"तिकडे मावशीवर बालंट आलंय आणि तू इथे चरतोयस?"

"गोड आहे. खाणार?"

चिंगी थबकली. या जुड्यांची धूळ बोटांना लागली की घास कडू होतो, म्हणून गोदामात कुणी काही खात नसे. ढोल्याचे हात तर धुळीनं माखले होते! तिनं एक काडी चावली. काहीच चव नव्हती.

"या धुतल्यात," मावशीचा चष्मेवाला मुलगा, ज्याला सगळे प्रोफेसर म्हणत, कोपऱ्यातून हळूच म्हणाला. "माती दिसते म्हणून मॅनेजरकाकांनी दोन दिवस हौदात भिजवून वाळवल्या. मला वाटलं, स्वच्छ केलं तर बरंच."

"आणि हौदातलं पाणी?"

"गटारात."

"म्हणजे औषध गटारात आणि चोर तुझी आई!" चिंगीनं जुडी उचलली.

तिघं ऑफिसात पोचली, तेव्हा तिथे कारखान्याच्या मालकीणबाई आणि मॅनेजरकाका बसले होते. चिंगीनं मॅनेजरकाकांसमोर काडी धरली. "काका, चावून सांगा ना, माल कसा आहे?"

त्यांनी काडी चावली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "शी, कडूजहर! माल एक नंबर आहे."

ढोल्यानं मूठभर काड्या तोंडात कोंबल्या आणि मजेत चघळू लागला. मालकीणबाईंनीही एक चावून पाहिली. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण ती मॅनेजरकाकांकडे बघून. प्रोफेसरनं हौदाची हकिगत सांगितली.

"अहो, स्वच्छतेसाठीच..." मॅनेजरकाका चाचरले.

"मावशीला चोर ठरवण्याआधी एकदा चाखून तरी बघायचं होतं! ही पोरं तुमच्यापेक्षा हुशार निघाली."

"आम्ही हुशार नाही, चिडलोय," चिंगी म्हणाली.

मॅनेजरकाका मावशीकडे गेले आणि तिच्या कानाशी पुटपुटले, "चुकलं माझं."

"असं नाही," चिंगीनं त्यांची वाट अडवली. "ओरडलात सगळ्यांसमोर. आता माफीही सगळ्यांसमोर मागा."

मालकीणबाईंनी भट्ट्या बंद करायला लावल्या. सगळे कामगार जमले, आणि मॅनेजरकाकांना तेच पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं.