एकटीचा अल्बम

दार चुकलं, एवढंच झालं. बँड सोडल्यानंतरचा माझा पहिला स्वतंत्र अल्बम, स्टुडिओ नवा... घाईघाईत मी डावीकडचं दार ढकललं. आत एक उंच माणूस माइकसमोर डोळे मिटून चक्क हत्तीसारखा ओरडत होता.

"सॉरी," मी पुटपुटले.

त्याने एक डोळा उघडला. "रेकॉर्डिंग चालू आहे."

"म्हणजे माझं सॉरी–"

"हत्तीच्या पिल्लाच्या तोंडी जाणार. बरंच झालं, त्याने आत्ताच केळी चोरलीत."

हसू दाबत मी बाहेर पडले.

लहान मुलांच्या कार्टूनला तो आवाज द्यायचा. दुपारी कॉफीच्या मशीनपाशी पुन्हा गाठ पडली.

"तुम्ही त्या बँडमधल्या ना?"

हा प्रश्न ऐकून माझे कान किटले होते. "होते. आता माझी मीच."

"सोयीचं आहे. भांडण झालं तरी समेट लवकर होईल."

त्यानंतर आमची कॉफीची वेळ कोणीही न ठरवता ठरून गेली. खिडकीपाशी ऊन यायचं, ती जागा तो माझ्यासाठी सोडायचा. माझ्या कपावर हळूच फुंकर घालून मगच कप पुढे करायचा, आणि आपण काय केलं ते लक्षात येऊन कानापर्यंत लाल व्हायचा. मी मात्र पाहिलंच नाही असं दाखवायची.

सगळी गाणी सुरळीत झाली. अडलं ते शेवटच्या गाण्यावर.

"पुन्हा घेऊ," काचेपलीकडून साउंडवाले काका म्हणाले. "दुसऱ्या ओळीला आवाज लांब जातोय."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. अल्बम काढणाऱ्या कंपनीतून फोन आला – त्या ओळीपुरतं बँडमधल्या तुमच्या मैत्रिणीलाच बोलवू या का? जुनं नाव खपतं. उद्या काय ते सांगा.

मी जिन्यावर येऊन बसले. तो शेजारी येऊन बसला... जरा अंतर ठेवून.

"रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा."

"दुसऱ्या ओळीला तुम्ही माइकपासून मागे का सरकता?"

"मी? छे."

"काचेतून पाहिलंय मी, दर वेळी सरकता. कोणाला तरी जागा करून दिल्यासारखं."

सुरुवातीला आमच्या बँडकडे एकच माइक होता. पहिली ओळ माझी, दुसरी मैत्रिणीची. मी मागे व्हायचे, ती पुढे यायची. पुढे माइक वाढले, बँडही सुटला. पाय मात्र अजून तिला वाट देत होते.

तिथूनच मी तिला फोन लावून सगळं सांगितलं.

"मी आले तर लोक पुन्हा मलाच शोधतील तुझ्यात," ती म्हणाली. "ती ओळ तुझी आहे, वेडे. पण पायाचं तुला सांगितलं कोणी?"

"हत्तीने."

"कोणी?"

"नंतर सांगते."

"लाजतेयस तू," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तो उठला. "उद्या माझं काम नाहीये. पण... येऊ का?"

"कशाला?"

"कॉफी प्यायला."

"घरी मिळत नाही?"

"मिळते. पण..." त्याचे कान पुन्हा लाल झाले. मला उगाचच छान वाटलं.

सकाळी मी कंपनीला नकार कळवला आणि माइकसमोर उभी राहिले. दुसरी ओळ आली. पाऊल मागे निघालं... मी ते पुढे टाकलं. माझाच आवाज असा भरून, निवांत माझ्यापाशी आला, की संपल्यावर मी डोळे उघडायचेच विसरले.

काका काचेपलीकडून म्हणाले, "आता याला मी हात लावणार नाही बाई."

बाहेर तो भिंतीला टेकून उभा होता.

"कसं झालं?" मी विचारलं.

"तू..." तो गडबडला. "म्हणजे, तुम्ही–"

"तू चालेल."

"तू मला फार आवडतेस," तो म्हणाला. "हे कुठल्या प्राण्याच्या आवाजात सांगावं, याचा किती दिवस विचार करत होतो."

"मग?"

"एकही तयार होईना."

माझं हसू थांबेना, आणि हसता हसताच मी म्हटलं, "मलाही."

"मलाही काय?"

"मलाही तू. आता वदवून घेऊ नकोस."

अल्बम आला त्या दुपारी एका छोट्या हॉलमध्ये आम्ही तो सगळ्यांना ऐकवला. मैत्रीण पहिल्या रांगेत बसून प्रत्येक गाण्याला शिट्ट्या मारत होती. आई माझ्या कानाशी वाकली.

"तो उंच मुलगा कोण गं? मघापासून बाहीने डोळे पुसतोय."

"आई... त्याच्याबद्दल तुझ्याशी बोलायचंच होतं."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पर्स उघडून स्वतःचा रुमाल माझ्या हातात ठेवला.

"आधी हा दे त्याला," ती म्हणाली. "आणि विचार, जेवायला आपल्याकडे येतोय का. बाकीचं मी बघते."